सोडणे, सुटणे, धरणे : ‘एकच प्याला’तील वर्ज्य आणि व्रत

मराठीत उपवास ‘धरतात’ आणि उपवास ‘सोडतात’. उपवास सोडला म्हणजे माणूस जेवला. दारूच्या बाबतीत मात्र ‘सोडली’ म्हणजे प्यायचा थांबला. एकाच क्रियापदाने एकीकडे व्रताची समाप्ती सांगायची आणि दुसरीकडे व्रताचा आरंभ, ही गंमत बोलताना आपल्या ध्यानात येत नाही. आणखी एक रूप आहे. ‘त्याने दारू सोडली’ आणि ‘त्याची दारू सुटली’ ही वाक्ये कोणी एकाच अर्थाने वापरत नाही. पहिल्यात कर्तृत्व आहे, थोडी फुशारकी आहे, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ‘बघू किती दिवस’ अशी शंकाही आहे. दुसऱ्यात कर्ता गायब आहे. गाठ सुटावी, ताप उतरावा, तसे काहीतरी झालेले आहे. गावाकडची बाई नवऱ्याविषयी सांगताना बहुधा ‘सुटली’ म्हणते, आणि नवरा स्वतःविषयी सांगताना ‘सोडली’ म्हणतो.

वर्ज्य करणे, व्रत घेणे, संयम पाळणे या सगळ्या प्रकाराचा विचार करताना ही तीन क्रियापदे, सोडणे, सुटणे आणि धरणे, मला कोणत्याही व्याख्येपेक्षा जास्त उपयोगी वाटत आली आहेत. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’कडे या क्रियापदांच्या वाटेने पाहिले तर ते नाटक दारूवर लिहिलेले आहे त्यापेक्षा अधिक दारू सोडण्यावर लिहिलेले आहे असे दिसते, आणि त्यातला सुधाकर का बुडतो याचे उत्तरही नेहमीपेक्षा वेगळे मिळते. हा लेख त्याविषयी आहे.

आधी आपल्याकडच्या प्रथेकडे पाहू. वर्ज्य ही आपल्या समाजात विरळा माणसाची साधना नाही, पंचांगात छापलेली गोष्ट आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो, कार्तिकीला संपतो. त्या काळात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणारी घरे अजून आहेत, आणि त्याच घरांत आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी होते. कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठे, जे काही कांद्याचे करता येईल ते त्या दिवशी होते. श्रावण पाळणाऱ्यांची आषाढ अमावास्या कशी जाते हे सांगायला नको. घराघरांत दिवे घासूनपुसून पुजण्याचा हा दिवस, त्याला लोकांनी गटारी हे नाव बहाल केले आहे. यावर हसणे सोपे आहे. पण या प्रथेला मनुष्यस्वभावाचे एक ज्ञान आहे. तिने वर्ज्याला सुरुवात दिली आहे, शेवट दिला आहे, आणि सोबत दिली आहे. श्रावण पाळणारा एकटा नसतो, अख्खी आळी पाळत असते. शेजारच्या घरातून रश्शाचा वास येत नाही हा त्या संयमाचा केवढा मोठा आधार असतो.

काशीला गेलेल्यांनी आवडीची एक वस्तू तिथे सोडून यावी अशी रीत आहे. आवडती सोडायची म्हटल्यावर अनेकांना अचानक कारले फार आवडत असल्याचा साक्षात्कार होतो, हा विनोद त्या रीतीइतकाच जुना असावा.

याहून वेगळी आणि माझ्या मते फार महत्त्वाची रीत म्हणजे वारकऱ्याची माळ. ‘त्याने माळ घातली’ एवढे म्हटले की मांस आणि दारू गेली हे ऐकणाऱ्याला कळते. वाक्यात सोडलेल्या वस्तूचा उच्चारही नाही. जे घेतले त्याचा आहे. गळ्यात तुळशीचे मणी आले, त्यांच्याबरोबर एकादशी आली, वारी आली, हरिपाठ आला, टाळ हातात आला, ‘माऊली’ म्हणून पाया पडणारी चार माणसे आली. बाहेर गेले ते या आलेल्यांनी जागा व्यापल्यामुळे. अनेक घरांत माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत माणूस अन्नाला शिवत नाही. आणि ज्याला मोह आवरत नाही तो माळ खुंटीला टांगून मग बाहेर पडतो. या खुंटीवरही आपण हसतो. पण परत आल्यावर गळ्यात घालायला काहीतरी खुंटीवर शिल्लक असते, ही सोय शपथेत नाही. शपथ मोडली की तिचे तुकडे कुठे टांगायचे?

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात व्रतांचा विस्ताराने विचार केला आहे. ‘व्रत’ हा शब्द ते ‘वृ’, म्हणजे निवडणे, वरणे, या धातूकडे नेतात. वधू वराला वरते तो हा धातू. शब्दाच्या मुळाशी टाकणे नाही, पत्करणे आहे. ‘संयम’मधला ‘यम्’ही आवरून धरण्याचा आहे, लगाम धरावा तसा. माळकऱ्याला यातले काही ठाऊक नसते, आणि त्याचे काही अडत नाही.

नुसत्या सोडण्याची मर्यादा परंपरेला पूर्ण ठाऊक होती. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात असे म्हटले आहे की न खाणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी तेवढी मागे राहते. या ठिकाणी ज्ञानेश्वरांनी दिलेला दृष्टान्त शेतकऱ्याच्या अनुभवातला आहे. वरवरची पालवी खुडत राहायची आणि मुळाला पाणी घालत राहायचे, तर ते झाड मरेल कसे? नुसते मरत नाही असे नाही, ते आडवे पसरते. दारू सोडून चिडखोर झालेला, घरादाराला ‘मी सोडली आहे’ याची रोज आठवण करून देणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे आडवे पसरणे समजावून सांगावे लागत नाही.

हे सगळे सामान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जागेवर होते. त्यात दारूचा प्रश्न नव्या रूपात आला. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्या-विकण्यावर सरकारची पकड घट्ट केली आणि मक्त्यांतून मिळणारा महसूल ही सरकारच्या हिशेबातली मोठी बाब झाली. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुले यांनी १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र दिले होते. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले, लोकमान्य टिळकांनी त्या चळवळीला बळ दिले. पिणे ही आता घरची किंवा जातीची बाब राहिली नाही, राष्ट्राची झाली. हे चांगलेच झाले. पण चळवळीच्या भाषेत एक बदल होऊन गेला आणि त्याची दखल फारशी घेतली गेलेली नाही. चळवळीला प्रतिज्ञा हवी असते. प्रतिज्ञा एका क्षणी, चारचौघांत, ताठ मानेने करायची असते. म्हणजे ‘सोडणे’ आले, कर्तृत्वासह आले. ‘धरणे’ मागे पडले, आणि ‘सुटणे’ तर दुबळेपणाचे वाटू लागले.

‘एकच प्याला’ हे या हवेतले नाटक आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले आणि महिना पुरा व्हायच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात त्याचा पहिला प्रयोग केला. पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली. ठिगळांचे पातळ नेसलेल्या बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी पुढे काय केले हे सर्वांना माहीत आहे. नाटकावर लिहिणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हे मद्यपाननिषेधाचे नाटक आहे, बोधासाठी पात्रे वाकवली आहेत. दुसरा म्हणतो, दारू निमित्त आहे, खरी शोकांतिका सुधाकराच्या मानी स्वभावाची आहे. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे सुधाकराचा नाश पहिल्या प्याल्यात आहे. नाटकाचे नावच तसे असल्यामुळे ते साहजिक आहे.

कथानक थोडक्यात आठवू. सुधाकर हुशार, गरिबीतून वर आलेला, तापट वकील. न्यायालयात खटका उडतो आणि त्याची सनद काही काळासाठी जाते. त्या अपमानाच्या दाहात तळीराम त्याला विसरण्याचे औषध म्हणून एक प्याला देतो. पुढची घसरण वेगाने होते. पण नाटकाचा मध्य ओलांडल्यावर एक वळण येते त्याकडे मला लक्ष वेधायचे आहे. सुधाकर दारू सोडतो. खरोखर सोडतो. पश्चात्ताप खरा आहे, निश्चय खरा आहे, सिंधूचा आनंद खरा आहे. तो काम शोधायला बाहेर पडतो, प्रतिष्ठित माणसांच्या दारात जातो, आणि त्याच्या झालेल्या लौकिकावरून ती माणसे त्याचा पाणउतारा करतात. तो परत प्याल्याकडे जातो, आणि या वेळी कायमचा.

म्हणजे सुधाकर दोनदा बुडतो. पहिल्यांदा अपमानामुळे बुडतो तेव्हा त्याला दारू माहीत नसते. दुसऱ्यांदाही अपमानामुळेच बुडतो, पण तेव्हा त्याला दारू पुरती माहीत असते, बायकोचे हाल माहीत असतात, आणि तरीही. नाटक एका प्याल्याचे असते तर हा दुसरा प्याला अनावश्यक होता. गडकऱ्यांनी तो घातला, कारण त्यांना निश्चयाचे काय होते ते दाखवायचे होते. सुधाकराने दारू सोडली तेव्हा त्याच्या हातात काय आले? काही नाही. रिकामा हात घेऊन तो ज्या समाजापुढे गेला त्या समाजाला बोध करायला आवडत होते, बरे होऊ घातलेल्या माणसाला बसायला पाट द्यायला आवडत नव्हते.

यानंतर सुधाकर रामलालला दारूच्या पायऱ्या समजावून सांगतो. ते भाषण नटांनी गाजवले आहे. माणूस कुठल्या अवस्थेत सोडू शकत असूनही सोडत नाही आणि कुठल्या अवस्थेत सोडू इच्छित असूनही सोडू शकत नाही, याचे त्यातले विश्लेषण इतके थंड आहे की ते बुडणाऱ्याच्या तोंडी असावे याने अंगावर काटा येतो. जेलिनेक या अमेरिकेत काम करणाऱ्या अभ्यासकाने मद्यपीच्या अवस्थांची मांडणी १९४६ साली प्रसिद्ध केली. गडकऱ्यांचे नाटक त्याच्या सत्तावीस वर्षे आधी रंगभूमीवर आले होते. मला यात गडकरी द्रष्टे होते वगैरे सांगायचे नाही, त्यांनी आजूबाजूला नीट पाहिले होते एवढेच. पण सुधाकराच्या विश्लेषणाचा निष्कर्ष पाहा. सुटकेची वेळ पहिल्या प्याल्याच्या आधीच असते, नंतर नाही. प्रेक्षकांतल्या न पिणाऱ्याला हा निष्कर्ष सोयीचा आहे. प्रेक्षकांतल्या पिणाऱ्याला मात्र तो सांगतो की तुझी गाडी गेली. बोध म्हणून शंभर वर्षे टाळ्या घेतलेल्या या वाक्यांनी किती जणांना निराश केले असेल, हा प्रश्न मला पडतो. हे मत सुधाकराचे आहे, नाटकाचे नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. कारण नाटकातच त्याला खोटे पाडणारा माणूस उभा आहे.

तो भगीरथ. प्रेमभंगाने दारूकडे गेलेला हा तरुण रामलालमुळे परत फिरतो. समीक्षेत भगीरथाला फिकट पात्र म्हणून बाजूला सारले जाते, आणि रंगवण्याच्या दृष्टीने तो फिकट आहेच. पण रचनेत त्याचे काम मोठे आहे. त्यानेही पहिला प्याला घेतला होता. सुधाकराच्या सिद्धान्ताप्रमाणे त्याचीही गाडी गेलेली होती. तो वाचला, कारण रामलालने त्याला सोड म्हणून सांगण्याबरोबर काहीतरी हातात दिले. लोकांच्या सेवेचे काम दिले, स्वतःची सोबत दिली. त्याने धरले म्हणून त्याची सुटली. सुधाकराला रामलालने काय दिले? मैत्री दिली, कळकळ दिली आणि उपदेश दिला. उपदेश हातात धरता येत नाही.

रामलाल स्वतः कोरडा ठणठणीत आहे, तोही विलायतेला जाऊन. (त्या काळच्या प्रेक्षकाला विलायतेला जाणाऱ्याने दारू प्यावी आणि घरी राहणाऱ्याने शुद्ध राहावे अशी अपेक्षा असणार. गडकऱ्यांनी ती उलटवली आहे.) पण त्याच्याही वाट्याला त्याचा प्याला येतोच. शरद ही सुधाकराची बालविधवा बहीण. जिच्याविषयी वडीलधाऱ्याची भावना असायला हवी तिचा अभिलाष त्याच्या मनात उत्पन्न होतो. तो झगडतो आणि स्वतःला आवरतो. भगीरथ आणि शरद यांच्या वाटेतून बाजूला होतो. नाटकातला हा भाग अनेकांना उपकथानकाचा फाटा वाटतो. मला तो मुख्य विषयाचाच भाग वाटतो. दुसऱ्याला संयम शिकवणाऱ्याला संयमाची किंमत स्वतःच्या अंगावर कळली पाहिजे म्हणून तो आहे. कळल्यावर मात्र रामलाल सुधाकराशी वेगळ्या भाषेत बोलतो का? फारसे नाही. गडकऱ्यांच्या हातून इथे एक संधी गेली. रामलालने ‘मीही घसरलो होतो’ असे सुधाकरापाशी बसून सांगितले असते तर नाटक कुठे गेले असते याचा अंदाज करता येत नाही.

आता नाटकाच्या विनोदी अंगाकडे वळतो. ‘आर्यमदिरामंडळा’चे प्रवेश म्हणजे तत्कालीन सभासंमेलनांचे विडंबन, गंभीर नाटकातला विरंगुळा, असे सांगितले जाते. ते तसे आहेतच. पण तिन्ही क्रियापदे मनात ठेवून ते वाचले की वेगळेच दिसते. या नाटकात दारू पिणाऱ्यांचे मंडळ आहे. त्यांना बसायला जागा आहे, सभासद आहेत, ठराव आहेत, एकमेकांची चेष्टा आहे, नव्याचे स्वागत आहे. तिथे सनद गेलेल्या वकिलाला कोणी हिणवत नाही. दारू सोडणाऱ्यांचे मंडळ मात्र नाटकात नाही. सोडणाऱ्याला फक्त एक बायको आहे. गडकऱ्यांनी हे हेतुपूर्वक केले असेल किंवा नसेल, पण तुला ज्या दोन पारड्यांत पडते ती ही आहेत. एका बाजूला अख्खी संस्था आणि दुसऱ्या बाजूला जात्यावर बसलेली एक बाई.

याच्याशेजारी एक खरी घडलेली गोष्ट ठेवावीशी वाटते, कारण ती सुधाकराच्या दुसऱ्या पतनाशी आश्चर्यकारक जुळते. मे १९३५. अमेरिकेतील ॲक्रन नावाचे गाव. बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस काही महिन्यांपूर्वीच दारूतून बाहेर पडलेला. धंद्याच्या कामासाठी आला आणि काम फसले. परगाव, खिशात फार पैसे नाहीत, अपमान ताजा, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात उभे असताना बारमधला गलबला कानावर येतोय. क्षण अगदी सुधाकराचा आहे. विल्सनने बारकडे जाण्याऐवजी तिथल्या चर्चच्या यादीतून फोन लावायला सुरुवात केली. त्याला कोणी उपदेशक नको होता. दारूने पिडलेला दुसरा कोणी माणूस बोलायला हवा होता. अशा प्रकारे तो रॉबर्ट स्मिथ नावाच्या दारुड्या डॉक्टरपर्यंत पोचला. डॉक्टरने शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा स्थापना दिवस मानला जातो. त्यांच्या पायऱ्यांतली पहिली म्हणजे दारूपुढे आपण हतबल आहोत ही कबुली. म्हणजे ‘मी सोडली’ हे वाक्यच तिथे बाद आहे. आणि मुदत? जन्मभराची शपथ नाही. फक्त आजचा दिवस. आपल्या श्रावणापेक्षाही आखूड.

पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अवचटांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ लिहिली आहे. नावात ‘मुक्ती’ आहे, ‘त्याग’ नाही, हे मला उगीच वाटत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. शपथेने कोणाचे भले झालेच नाही का? मोहनदास गांधी १८८८ साली विलायतेला निघाले तेव्हा मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही असे वचन त्यांनी आईला दिले होते, बेचरजी स्वामी या जैन साधूच्या साक्षीने. ते त्यांनी पाळले. पण ‘सत्याचे प्रयोग’मधला पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. लंडनमध्ये सुरुवातीचे दिवस ते उपाशीच राहत होते, वचनाने बांधलेले आणि बेचव उकडलेल्या भाज्यांना कंटाळलेले. मग त्यांना शाकाहारी खानावळ सापडली, तिथे सॉल्टचे शाकाहारावरचे पुस्तक मिळाले, शाकाहारी मंडळींची संस्था मिळाली. तोपर्यंत आईसाठी मांस टाळत होतो, आता स्वतःच्या निवडीने शाकाहारी झालो, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. निवडीने, म्हणजे ‘वृ’. आईच्या वचनाने त्यांना खानावळीच्या दारापर्यंत टिकवले, पुढचे काम खानावळीने आणि मंडळाने केले. शपथ निरुपयोगी नाही. ती पूल आहे, पण पलीकडे काठ हवा.

आणि आता सिंधू. सुधाकराविषयी इतके बोलल्यावर हे सांगितले पाहिजे की नाटकातली सर्वांत कठोर वर्ज्य पाळणारी व्यक्ती तो नाहीच. माहेरच्या पैशाला शिवायचे नाही, असे सुधाकर दारूच्या अंमलात आणि अहंकारात तिच्यावर लादतो, आणि ती ते मरेपर्यंत पाळते. श्रीमंत भावाची बहीण दळणे दळते, मूल उपाशी असताना दळते. नवऱ्याने स्वतःसाठी केलेला निश्चय एका अपमानात मोडतो. त्याने बायकोसाठी केलेला निश्चय बायको जीव देऊन टिकवते. या दोन शपथा शेजारी ठेवून कोणी पाहत नाही, कारण तिच्या शपथेला आपण पातिव्रत्य म्हणतो आणि त्याच्या शपथेला व्यसनमुक्ती. कप्पे वेगळे केले की हिशेब लागत नाही. पतीचे पाय कसे सोडू, असे विचारणारे तिचे गाजलेले पद गुर्जरांचे आहे, गडकऱ्यांचे नाही, पण त्यांनी नेमके क्रियापद पकडले आहे. या घरात सोडता येत नाही ते तिला, आणि धरता येत नाही ते त्याला.

व्रतांची आपली परंपरा पाहिली तर यात नवीन काही नाही. वटसावित्री, हरतालिका, सोळा सोमवार, मंगळागौर, फळ नवऱ्याला आणि उपवास बायकोला. दारूच्या बाबतीतही हेच झाले. आपल्याकडे दारुड्याने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेण्याची पद्धत आहे. शपथ मोडली तर अनिष्ट कोणाचे व्हायचे? मुलाचे. म्हणजे तारण दुसऱ्याचे. गडकऱ्यांनी शेवटच्या अंकात दारू प्यालेल्या बापाच्या हातून मूल मारले जाते असे दाखवले, ते अतिरंजित आहे असे म्हणणाऱ्यांनी या पद्धतीचा अर्थ लावून पाहावा. आणि घायाळ सिंधू मरता मरता पोलिसांना सांगते की नवऱ्याने काही केले नाही. आयुष्यभर खरे बोललेल्या बाईचे हे शेवटचे वर्ज्य, तिने तक्रार वर्ज्य केली. १९१९चा प्रेक्षक इथे रडला, आजचाही रडतो. या ठिकाणी रडण्याऐवजी राग यावा अशी सोय नाटकात नाही, हा माझ्या मते या नाटकाचा खरा दोष आहे. भाषेची आतषबाजी वगैरे दोष त्यापुढे किरकोळ आहेत.

पुढे सरकारनेच शपथ घेतली. १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. त्याचा वारस असलेल्या कायद्यानुसार महाराष्ट्रात आजही दारू पिण्यासाठी परवाना लागतो, हे बारमध्ये बसलेल्या किती जणांना माहीत असते कोण जाणे. सरकारच्या या व्रतातही कांदेनवमी आणि खुंटी दोन्ही आहेत, महसुलाच्या रकान्यात ती सापडतात. पण एक तरतूद मात्र वेगळी आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या बायका मतदान करून दारूचे दुकान बंद करू शकतात. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. निम्म्याहून अधिक बायकांनी आडवी बाटली केली तर दुकान जाते. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे ती लोकांच्या, त्यातही बायकांच्या रेट्यामुळे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. दारूबंदीने पिणे थांबते का, चोरटी दारू वाढते का, हे वाद खरे आहेत आणि मी त्यात शिरत नाही. माझे लक्ष त्या मतपत्रिकेवर आहे. तिथे बाई स्वतः काही सोडत नाही, उपवास धरत नाही, शपथ पाळत नाही. ती बाटली आडवी करते. व्रताचा भार तिने पहिल्यांदाच आपल्या अंगावरून काढून दुकानाच्या अंगावर टाकलेला आहे.

तरीही दुकान बंद झाले म्हणून घरातला माणूस उभा राहीलच असे नाही, आणि तोवर तिने काय करायचे हा प्रश्न उरतो. विल्सनची पत्नी लोइस हिने इतर काही जणींबरोबर १९५१ साली अल-अनॉन सुरू केले, दारुड्यांच्या घरच्या माणसांसाठी. आपल्याकडेही त्याच्या सभा होतात. तिथे नव्या आलेल्या बाईला आधी सांगतात ते असे की हे तुझ्यामुळे झालेले नाही, तू ते आवरू शकत नाहीस, आणि तू ते बरे करू शकत नाहीस. नवऱ्याने सोडावी म्हणून स्वतः झिजणे तू थांबव, एवढा एकच त्याग तिच्याकडे मागितला जातो.

सिंधूला हे सांगणारे नाटकात कोणी नाही. पद्माकर तिला माहेरी चल म्हणतो, पण त्यात भावाचा अभिमान तिच्या सुखाइतकाच आहे. रामलाल तिला देवी मानतो, आणि देवीला सल्ला देता येत नाही. जवळ येते ती एकटी गीता, तळीरामाची तोंडाळ बायको. नवरा दारुडा आहे हे ती उंबऱ्याबाहेर येऊन मोठ्याने बोलते आणि त्याला वाटेल ते सुनावते. तिच्या बोलण्यावर नाट्यगृह हसते. सिंधू मात्र तिला नवऱ्याबद्दल असे बोलू नये म्हणून समजावते.